गाव, गट आणि गाडीवाट
(सभासद शिक्षण : पाठ)



बेणे कोणते निवडावे, सरी किती फुटांवर पाडावी, खोडव्याची निगा कशी राखावी, यावर बोलायला आणि लिहायला पुष्कळ माणसे आहेत. आजचा पाठ थोडा निराळा आहे. ऊस उत्तम आला, नोंद झाली, तोडणीचा क्रमही लागला. पण गाडी शेतात जायला वाट नाही, असे झाले तर काय? अशी तक्रार आपल्या बीड जिल्ह्यात आता गावोगाव ऐकू येते. बांधाला बांध लागून असलेले भाऊबंद बोलेनासे होतात, टोळी तो फड सोडून पुढच्या गावाला निघून जाते, आणि वर्षभर पोटच्या लेकरासारखा सांभाळलेला ऊस चैत्र-वैशाखाच्या उन्हात उभा वाळतो.

म्हणून गावातले घर, शिवारातली जमीन आणि दोहोंना जोडणारी वाट, या तिन्हींचा एकत्र विचार या पाठात करू.

१. ज्वारीची वाट आणि उसाची वाट

आपल्याकडे वाटेची भांडणे एवढी का वाढली? माणसे बिघडली असे म्हणणे सोपे आहे. पण खरे कारण पिकात आहे.

आपले आजे-पणजे ज्वारी, बाजरी, करडई, तूर, कापूस पिकवीत. एकरी आठ-दहा क्विंटल ज्वारी म्हणजे दहाएक पोती. ती एका बैलगाडीत बसत. शिवाय रब्बीची रास होईपर्यंत शेजारचेही रान मोकळे झालेले असे. शेजाऱ्याच्या रानातून एक-दोन खेपा गाडी गेली तर कुणाचे काही बिघडत नव्हते. ‘जा बाबा, रान मोकळंच हाय’ असे शेजारीच म्हणायचा. त्या काळी वाट तोंडी होती, आणि ती तोंडी असून भागत होते.

पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले. त्याचा उजवा कालवा गेवराईकडून माजलगावकडे आला, सिंदफणेवर माजलगावचे धरण झाले, विहिरी आणि बोअर वाढले, आणि ऊस आला. आता हिशेब करा. एकरी चाळीस टन ऊस धरला तर टायरगाडीच्या वीसएक खेपा होतात. चार एकरांच्या ऐंशी. ट्रॅक्टरने न्यायचे तर खेपा कमी, पण वजन जास्त आणि वाट रुंद लागते. त्यातून शेजाऱ्याचे रान या दिवसांत मोकळे नसते. त्याच्याही रानात ऊस उभा असतो, नाहीतर गहू-हरभरा असतो. त्याच्या पिकातून भरलेली ट्रॉली नेऊ द्या म्हणणे म्हणजे त्याचा घास काढून घेणेच झाले.

म्हणजे वाट जुनी राहिली आणि तिच्यावरचा भार अनेक पटींनी वाढला. त्यात तीन पिढ्यांच्या वाटण्या झाल्या. एका गटाचे पाच तुकडे पडले आणि मागचे तुकडे आत कोंडले गेले. तोंडी वाटेवर हा भार पेलत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे.

आणि ऊस थांबत नाही. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत गाळला गेला पाहिजे, नाहीतर वजनही घटते आणि साखरही. नुकसान शेतकऱ्याचे होते, आणि उतारा घटला की सर्व सभासदांचे होते.

२. जावा बेटावरच्या गावाकडे एक नजर

‘चारशे एकोणीस’ ऊस आपल्या जुन्या सभासदांच्या चांगला ओळखीचा आहे. को ४१९ ही जात कोइमतूरला तयार झाली. तिच्या आई-बापांपैकी एक पीओजे २८७८ ही जावा बेटावरची जात होती. तेव्हा उसाच्या नात्याने जावा आपले सोयरेच लागते. त्या सोयऱ्यांच्या गावातही घर, जमीन आणि वाट यांचा प्रश्न होताच. तो तिथे कसा सुटला हे पाहण्यासारखे आहे.

जावातले लहान खेडे नारळाच्या आणि बांबूच्या दाट सावलीत असते. प्रत्येक घराभोवती परस असतो. त्यात केळी, भाजीपाला, फळझाडे, कोंबड्या. त्याला ते पेकारांगान म्हणतात. गावाबाहेर पाण्याखालची भातखाचरे, ती सावाह. कोरडवाहू रान ते तेगाल. गावच्या प्रमुखाला पगाराऐवजी गावची जमीन कसायला देत, तिला बेंगकोक म्हणतात. आपल्याकडच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनाची आठवण यावी असाच हा प्रकार.

१८३० साली डच गव्हर्नर जनरल व्हान डेन बॉश याने तिथे सक्तीच्या पिकांची पद्धत आणली. गावाने आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा ऊस, नीळ अशा सरकारी पिकांना द्यायचा, असा नियम केला. प्रत्यक्षात ओझे त्याहून जास्त पडले. १८७० च्या जमीन कायद्यानंतर खाजगी कारखाने आले. ते शेतकऱ्यांची खाचरे खंडाने घेत, आणि ऊस निघाला की त्याच खाचरात पुन्हा भात होई. त्या कारखान्यांनी वाटेचा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. त्यांनी अरुंद लोहमार्ग थेट उसाच्या फडापर्यंत नेले. तोडणीच्या वेळी हलते रूळ शेतात टाकायचे, डबे भरायचे, आणि काम झाले की रूळ उचलून दुसऱ्या फडात न्यायचे.

यात आपल्याला दोन धडे आहेत. पहिला असा की, उसाचा धंदा करणाऱ्याने वाटेचा विचार लागणीआधी करायचा असतो. डच कारखानदारांना तो कळला होता, कारण नफा त्यांचा होता. आपला कारखाना सहकारी, नफा-तोटा आपलाच. मग आपण तो विचार का करू नये?

दुसरा धडा कागदाचा. जावातल्या शेतकऱ्याजवळ पिढ्यानपिढ्या ‘गिरिक’ नावाचा कागद असे. तो कर भरल्याचा पुरावा होता. मालकीचा पक्का दाखला तो नव्हे. १९६० साली इंडोनेशियाने मूळ जमीन कायदा केला आणि मालकीचे प्रमाणपत्र देणे सुरू केले. तरी लाखो शेतकरी जुन्या कागदावरच विसंबून राहिले, म्हणून २०१७ पासून तिथल्या सरकारला गावोगाव मोजणीची मोठी मोहीम घ्यावी लागली. आपलीही गत फार वेगळी नाही. ती आता पाहू.

३. कोणता कागद काय सांगतो?

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे आपल्या पेटीतले जुने कागद पाहिले तर काही उर्दूत, काही मोडीत असतात. १९५४ च्या सुमाराची खासरा पाहणी, त्यानंतरची पाहणी पत्रके, मग एकत्रीकरणानंतरचे गट नंबर, आणि आजचा संगणकीय सातबारा, अशी ही साखळी आहे. जुने कागद रद्दी समजून टाकू नका. वाटेचा किंवा हद्दीचा वाद निघाला की तेच कामी येतात. ते वाचून घ्या आणि त्यांची नक्कल काढून ठेवा.

आज प्रत्येक सभासदाने पुढील कागदांचा अर्थ जाणला पाहिजे.

(अ) सातबारा : गाव नमुना सात म्हणजे हक्काची नोंद, बारा म्हणजे पिकांची नोंद. सातबाऱ्यात ‘इतर हक्क’ हा रकाना असतो. कर्ज, कूळ, विहिरीतला हिस्सा यांच्या नोंदी तिथे येतात. वाटेची नोंदही तिथे येऊ शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

(आ) आठ-अ : एका खातेदाराच्या नावे गावात एकूण किती जमीन आहे ते सांगणारा उतारा.

(इ) फेरफार : नाव का आणि कसे बदलले त्याची नोंद. खरेदी, वारसा, वाटणी, बोजा, सर्व काही इथे सापडते.

(ई) गाव नकाशा आणि गटाचा नकाशा : हे भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा जुना रस्ता गाव नकाशावर तुटक दुबार रेषेने दाखवलेला असतो. असे रस्ते साधारण तीस ते तेहेतीस फूट, गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट, आणि पायवाट सव्वाआठ फूट रुंदीची धरली जाते. पुष्कळ गावांत तेहेतीस फुटांची पांदण दोन्ही बाजूंच्या नांगराने खात खात आठ फुटांवर आली आहे. नकाशा काढल्याशिवाय ते ध्यानात येत नाही.

(उ) ग्रामपंचायतीचा नमुना आठ : घराच्या कर आकारणीचा उतारा. इथेच जावाच्या गिरिकची आठवण ठेवा. घरपट्टी आपल्या नावे निघते म्हणून घराची जागा कायद्याने आपली झाली, असे होत नाही. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. तिच्यात ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन घरमालकाला मालमत्ता पत्रक मिळते. मोजणीच्या वेळी गैरहजर राहू नका, आणि पत्रकावरची हद्द व नाव तपासून घ्या.

कुणी म्हणंल, ‘आमच्या आज्यापासून याच वाटंनं गाडी जाते, कागद कशाला पाहिजे?’ आजा आणि शेजाऱ्याचा आजा, दोघेही होते तोवर नको होता. आता शेजारची जमीन विकली गेली, नवा माणूस आला. त्याने खरेदीखत पाहिले, त्यात वाट नाही. तो तार ओढणारच.

४. वाटणी करताना वाट आधी

बहुतेक वाटा वाटणीच्या दिवशीच बुडतात. एक उदाहरण घेऊ.

समजा, तिघा भावांचा बारा एकरांचा एक गट आहे. पूर्व-पश्चिम लांबी ७९२ फूट, दक्षिण-उत्तर रुंदी ६६० फूट. रस्ता फक्त पूर्वेच्या अंगाला आहे.

पहिली रीत : दक्षिण-उत्तर रेघा मारून तीन तुकडे केले. प्रत्येकाला २६४ फूट रुंद पट्टा, म्हणजे चार चार एकर. हिस्सा सारखा झाला, पण रस्ता एकालाच मिळाला. मधला आणि मागचा भाऊ कोंडले गेले. आज तिघे एका ताटात जेवतात म्हणून ते दिसत नाही. पोरांच्या काळात ते दिसते.

दुसरी रीत : पूर्व-पश्चिम रेघा मारून २२० फुटांचे तीन पट्टे केले. हिस्सा तेवढाच, चार चार एकर, आणि तिघांच्याही पट्ट्याचे तोंड रस्त्याला लागले. काळी आणि मुरमाड जमीन अशी पूर्व-पश्चिम पसरली असेल तर बरी-वाईट जमीनही तिघांत सारखी वाटली जाते.

तिसरी रीत : विहीर, घर किंवा चढ-उतारामुळे दुसरी रीत जमत नसेल, तर पहिल्याच रीतीने वाटा, पण उत्तरेच्या बांधाने बारा फुटांची वाट सोडा. पुढचे दोन पट्टे ओलांडायचे म्हणजे लांबी ५२८ फूट. क्षेत्र निघते ६,३३६ चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. म्हणजे सहा गुंठेसुद्धा भरत नाहीत. बारा एकर म्हणजे चारशे ऐंशी गुंठे. त्यातले सहा गुंठे तिघांनी मिळून सोडायचे, प्रत्येकाच्या वाट्याला दोन. दोन गुंठ्यांत फार तर दोन टन ऊस आला असता. आणि त्या वाटेवर मागच्या आठ एकरांचा, म्हणजे तीनशे वीस टनांचा ऊस अवलंबून आहे. हा हिशेब ज्याला कळतो तो वाट सोडताना हात आखडत नाही.

वाट ठरली की ती वाटणीपत्रात लिहा : कोणत्या बांधाने, किती फूट रुंद, किती लांब, कोणाकोणाला, आणि पाइपलाइन त्याखालून न्यायची की नाही. ‘सर्वांनी पूर्ववत वहिवाट करावी’ एवढे मोघम वाक्य पुरत नाही. मे २०२५ मधील शासन निर्णयानुसार शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात व्हावी, असे ठरले आहे. त्याचा लाभ घ्या. जमीन विकत घेतानाही चतुःसीमा वाचून थांबू नका. ‘येण्याजाण्याची वाट’ हे शब्द खरेदीखतात आहेत का ते बघा.

५. वाट अडली तर

आधी बोलणी. गावातले चार जाणते, तंटामुक्ती समितीची माणसे, सोयरे-धायरे यांना बसवा. शेजाऱ्याचे नुकसान काय होणार आहे ते त्याच्याच तोंडून ऐका. पुष्कळदा तो वाटेला नकार देत नाही. त्याच्या ठिबकच्या नळ्या फुटतात, पाटाचे पाणी अडते, याला तो वैतागलेला असतो. सिमेंटची नळी टाकून, नाहीतर बांध थोडा सरळ करून ते मिटते. मिटले की कागदावर लिहून दोघांनी सही करा.

नाहीच जमले तर कायद्यात दोन रस्ते आहेत. त्यांची गल्लत करू नये.

पहिला : वाट पूर्वीपासून चालू होती आणि कुणी ती आता अडवली. अशा वेळी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ प्रमाणे तहसीलदारांकडे दाद मागावी. अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे. ‘सुगी होऊ दे, मग बघू’ असे म्हणत बसलात तर मुदत निघून जाते.

दुसरा : वाट मुळीच नाही, नव्याने पाहिजे. अशा वेळी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करावा. तहसीलदार जागा पाहून, शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकून, शेतकऱ्याची वाजवी गरज पाहून बांधावरून वाट देऊ शकतात. अर्जाबरोबर आपला आणि शेजाऱ्यांचा सातबारा, गटाचा नकाशा, वाट कुठून हवी त्याचा कच्चा नकाशा आणि शेजाऱ्यांची नावे-पत्ते जोडावेत. या कलमाने जाण्यायेण्याचा हक्क मिळतो, जमिनीची मालकी मिळत नाही. ती ज्याची त्याचीच राहते. हे शेजाऱ्याला समजावून सांगितले तर अर्धा विरोध तिथेच मावळतो. निर्णय मान्य नसेल तर वरच्या महसूल अधिकाऱ्याकडे अपील करता येते, किंवा एक वर्षात दिवाणी दावा लावता येतो. दावा लावला की अपिलाची वाट बंद होते, हे ध्यानात ठेवा.

गावची पांदणच अतिक्रमणाने बुजली असेल तर एकट्याने लढू नका. पांदणीवरच्या सर्वांनी मिळून ग्रामसभेत ठराव घ्या आणि मोजणी मागा. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेत अशी कामे रोजगार हमीतून करण्याची तरतूद केलेली आहे.

६. सहा महिने गाव सोडणाऱ्यांसाठी

आपला जिल्हा ऊस पिकवणाऱ्यांचा आहे, तसाच तो ऊस तोडणाऱ्यांचाही आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज या डोंगरपट्ट्यातून गाड्या भरून माणसे निघतात. नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकापर्यंत जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. पाचटाच्या कोपीत संसार, पहाटे फडात, रात्री गाडी भरायला. जावातली शहरात कामाला गेलेली माणसे ईदला गावी धाव घेतात, तशी ही माणसे पाडव्याच्या, गावच्या जत्रेच्या ओढीने परत येतात.

परत आल्यावर काहींना काय दिसते? बांध सरकलेला, घराशेजारच्या मोकळ्या जागेत कुणाचा उकिरडा, आणि फेरफाराची नोटीस दारावर चिकटून मुदत संपलेली. फेरफाराला हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. माणूस असतो दोनशे मैलांवर. म्हणून जाण्यापूर्वी सातबारा काढून ठेवावा, घरातल्या म्हाताऱ्याला किंवा विश्वासू नातेवाइकाला सांगून जावे, आणि फडातून अधूनमधून मोबाइलवर उतारा तपासावा. हे काम शिकलेल्या पोरा-पोरींना लावा.

एक गोष्ट घरातल्या बाईची. कोयता दोघांचा, उचल दोघांची, घाम दोघांचा. पण सातबाऱ्यावर नाव एकाचे. १९९२ साली शासनाने लक्ष्मी मुक्ती योजनेचे परिपत्रक काढले. त्याप्रमाणे नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला तर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागते. मुलींचाही वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतकाच हक्क आहे, हे २००५ च्या दुरुस्तीने पक्के केले आहे. खातेदार वारला तर तीन महिन्यांत तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) वारसाची वर्दी द्यावी. हेच कारखान्याच्या शेअरलाही लागू आहे. नामनिर्देशन केलेले नसेल तर आजच करा. मागे राहिलेल्या माणसांना हेलपाटे पडणार नाहीत.

७. घरी आणि गटसभेत चर्चेसाठी

१) आपल्या उसाच्या फडातून मुख्य रस्त्यापर्यंत जाताना किती जणांच्या रानातून जावे लागते? त्यातल्या कुणाकुणाशी लेखी ठरलेले आहे?

२) आपल्या गाव नकाशावरच्या पांदणी आज किती फूट उरल्या आहेत? टेप लावून मोजा.

३) आपल्या वाटणीपत्रात वाटेचे शब्द काय आहेत? वाचून दाखवा.

४) आपल्या घराच्या जागेचा मालकीचा कागद कोणता आहे?

५) शेअरवर वारस म्हणून कोणाचे नाव आहे?

या पाच प्रश्नांची उत्तरे ज्याच्याजवळ तयार असतील त्याने पाठ उत्तम केला असे समजावे. ज्याच्याजवळ नसतील त्याने पुढची लागण करण्याआधी ती मिळवावीत. आडसाली असो वा सुरू, बेणे रानात पडण्याआधी वाट ठरवा. ऊस लहान असतो तोवर शेजाऱ्याशी बोलणे सोपे जाते. तोड आल्यावर दोघांनाही घाई असते, आणि घाईत माणूस वाकडे बोलतो.

तरी सर्व सभासदांनी हा पाठ घरात मोठ्याने वाचावा, आणि ज्याला वाचता येत नाही अशा शेजाऱ्यालाही वाचून दाखवावा, ही विनंती. तो शेजारी तुमच्या वाटेवरचा असेल तर अगत्याने बोलावून वाचून दाखवावा.